तोंडी परवानगी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत कुणी जुन्या शाळेचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. बायकोला सांगितली होती, पण अर्धीच, आणि तीही माझ्या सोयीची अर्धी. आता मला चौऱ्याहत्तरावं लागलं आहे. उठून जावं म्हटलं तरी गुडघे ऐकत नाहीत. म्हणून बसून लिहितो आहे.

बाईंची आठवण आली की आधी त्यांचा उजवा हात दिसतो. पाठीमागे नेलेला, पंजा उघडा, जमिनीकडे वळलेला. त्या पुढे चालायच्या आणि मागे वीस-बावीस पोरं. समोर काही दिसलं की बाई वळायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. फक्त तो हात मागे यायचा. आणि एरवी प्रार्थनेलाही धड उभी न राहणारी ती पोरं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, ओळीत जागच्या जागी बसून जायची. खोकला आला तर तोंडावर दप्तर धरायची. मला तीस वर्षांच्या नोकरीत ओरडून जे जमलं नाही, ते त्या हाताला जमायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आवाज लहान असतो, पण लोक ऐकतात.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात मारेगावकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक होतो. चौथीपर्यंतची शाळा, तीन शिक्षक, दोन खोल्या धड आणि एक गळकी. बाई बदलून आल्या त्या दिवशी साडीखाली कॅनव्हासचे बूट होते. मी विचारलं, "बाई, खेळाचा कोर्स झाला का तुमचा?"

"नाई सर. वावरात काटे असतात."

"वावरात काय काम तुमचं?"

"पोट्ट्यायले न्यावं लागन ना," त्या म्हणाल्या, जणू ते नेमणुकीच्या आदेशातच लिहिलं होतं.

बाई दारव्ह्याकडच्या एका तांड्यातल्या. घरात बंजाऱ्यांची गोरबोली. शाळेत जाईपर्यंत त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्या एकदा सहज सांगून गेल्या होत्या, "सर, पह्यलीत मले वर्गातलं काईच समजे नाई. खिडकीतलं समदं समजे." खिडकीत कडुनिंब होता आणि त्यावर साळुंक्या. गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि ही पोर साळुंक्यांचं भांडण पाहायची. आईबरोबर, म्हणजे त्यांच्या याडीबरोबर, शेळ्यांमागे फिरून कोणता पक्षी कुठे बसतो, कधी ओरडतो, हे तिला ठाऊक होतं. पण त्याला शाळेत कुणी मार्क दिले नाहीत. नापास होत होत वाचली, एवढंच.

आमच्या शाळेतही कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, सात-आठ मुलं यायची. वर्गात ती मातीच्या बाहुल्यांसारखी बसायची. मी त्यांना 'मठ्ठ' म्हणायचो. हे लिहितानाही लाज वाटते, पण म्हणायचो. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना नाल्यावर नेलं, आणि परत येताना सगळ्यांत जास्त बोलत होती ती तीच मुलं. बाईंच्या वहीत एका पक्ष्यापुढे तीन रकाने असायचे. पुस्तकातलं नाव, गावातलं नाव, पोडावरचं नाव. तिसरा रकाना भरायचा तर बाईंनाच त्या मुलांना विचारावं लागायचं. मुलं सांगायची, बाई लिहायच्या, मुलं हसायची, बाई खोडून पुन्हा लिहायच्या. शाळेत आपल्याला येतं ते मास्तरणीला येत नाही, हे त्या मुलांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं असेल.

दुर्बीण नव्हती. मी एकदा म्हणालो, पंचायत समितीकडे मागणी करू. बाई म्हणाल्या, "कायले सर? एक दुर्बीन आनि बावीस पोट्टे, दिवसभर भांडनंच पाहा लागन. डोये हायत ना त्यायले."

त्यांचा एकच प्रश्न असायचा. कुणी काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, "तू पाह्यलं का आयकलं?" पाहिलं असेल तर वहीत. ऐकलं असेल तर वहीच्या मागच्या पानावर, आणि तिथे ते पाहून येईपर्यंत राहायचं.

या प्रश्नातून मीही सुटलो नाही. एकदा वर्गात टिटवीचा विषय चालला होता. मी दारात उभा. मुख्याध्यापकाने काहीतरी भर घालावी म्हणून म्हणालो, "टिटवी पाय वर करून झोपते बरं का. आभाळ पडलं तर पायांवर झेलायला."

पोरांनी बाईंकडे पाहिलं. मग मागून मनीषा नावाची तिसरीतली पोर उठली आणि म्हणाली, "सर, तुमी पाह्यलं का आयकलं?"

सगळा वर्ग फुटला. बाईंनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "आयकलं."

"मंग मागच्या पानावर," मनीषा म्हणाली.

पुढचे चार दिवस माझी टिटवी मागच्या पानावर होती. पोरांनी नाल्याच्या गोट्यांमध्ये टिटवी हेरली. सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, एका पोराच्या बापाने संध्याकाळी बैल घेऊन येता येता पाहिली. पाचव्या दिवशी प्रार्थनेनंतर मनीषाने माझ्यासमोर निकाल वाचला. "टिटवी पाय खालीच ठेवते. एक पाय पोटात घेते कधी कधी. आभाळ काई पडलं नाई सर."

मी हसलो. खरं सांगतो, मनापासून हसलो. त्या दिवसांत शाळेत जावंसं वाटायचं.

नाल्याकाठच्या विहिरीवर एक बाभूळ होती, तिच्यावर सुगरणींची घरटी. दर शनिवारी पोरं ती मोजायची. पूर्ण किती, अर्धी किती, विणून सोडून दिलेली किती. शाळेत परत आली की अंगणात तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मांडायची. जितकी घरटी, तितक्या विती लांब तुराटी. या शनिवारची, तिच्याशेजारी पुढच्या शनिवारची. पाच-सहा आठवड्यांत अंगणात एक जिना तयार झाला. वर चढणारा, मग उतरणारा. बाई म्हणाल्या, "हा झाला आलेख." मला डी.एड.ला आलेख शिकवायला तीन तास लागले होते, आणि तरी तो मुलांना कळला नव्हता.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर बाईंनी एक काळा चौकोन रंगवून घेतला होता. वर लिहिलं होतं, 'आज आम्ही काय पाहिलं'. तिथे मुलं रोज लिहायची. 'वेडा राघू ३, तारेवर.' 'होले ६, खळ्यात.' 'एक पक्षी, नाव माहीत नाही, शेपूट हलवतो.' नाव माहीत नसलं तर तसं लिहायचं आणि शेवटी जो प्रश्न पडला तोही लिहायचा, अशी पद्धत होती. पोरांना घ्यायला येणारे आईबाप तो फळा वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पोरं वाचून दाखवायची.

आता रजिस्टरचं सांगतो. सगळं त्यावरच अडलं आहे.

शाळेत एक हालचाल रजिस्टर असतं. शाळेच्या वेळेत शिक्षक बाहेर गेला की त्यात लिहायचं. कुठे, कशासाठी, किती वाजता निघाला, किती वाजता आला. मुख्याध्यापकाने सही करायची. बाईंनी पहिल्याच फेरीच्या आधी ते रजिस्टर माझ्या टेबलावर उघडं ठेवलं. पेन हातात.

मी म्हणालो, "लिहू नका बाई."

"काहून सर?"

"लिहिलं की वरून विचारणा होते. पक्षी पाहणं कोणत्या विषयात बसतं, जबाबदारी कुणाची, पालकांचं संमतिपत्र कुठे. मी तोंडी परवानगी देतो ना. जा तुम्ही बिनधास्त."

"लिवलेलं बरं राह्यते सर."

"मी आहे ना इथं."

माझ्या पिढीच्या मुख्याध्यापकांना ही सवयच होती. चांगलं काम चालू द्यायचं, पण कागदावर येऊ द्यायचं नाही. कागदावर आलं की ते काम आपल्या गळ्यात पडतं. नाही आलं तर बरं झालं तेव्हा आपलं, वाईट झालं तेव्हा दुसऱ्याचं. तेव्हा मी याला अनुभव म्हणायचो. बाईंनी दोन-तीनदा विचारलं, मग सोडून दिलं. पण निघताना त्या रोज दारात थांबायच्या. "सर, जाऊ?" मी मान वर न करता म्हणायचो, "जा." मागे उभी असलेली बावीस पोरं ते 'जा' ऐकायची आणि पळत सुटायची.

जवळजवळ दोन वर्षं असं चाललं.

त्या हिवाळ्यात हरभरा नुकता उगवला होता. नाल्यापलीकडचं वावर आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचं. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं असलेला मोठा शेतकरी. तसा माणूस वाईट नव्हता, शाळेच्या गळक्या खोलीवर टिनं त्यानेच टाकून दिली होती. पण मोरांनी आणि तितरांनी त्याचा हरभरा उकरून खाल्ला होता. त्याने ज्वारीला औषध चोळून ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकली.

बाई त्या दिवशी लवकर परत आल्या. पोरं रांगेत, कुणी पळत नव्हतं. बाईंनी आधी सगळ्यांचे हात बोरिंगवर साबणाने धुऊन घेतले, तसा कुणी कशाला हात लावला नव्हता. मग माझ्याकडे आल्या.

"सर, धुऱ्यावर पक्षी मरून पडले. गुलाबी दाने हायत ज्वारीचे. मी पोट्ट्यायले लांब बसवलं, जवळ जाऊ नाई देलं. पन ढोरं जातात तिकडं. पोडावरचे लहान लेकरं बी जातात बोरं वेचाले. तुमी अध्यक्षसायबायले सांगा, ते दाने उचलून घ्याले."

मी म्हणालो, "पाहतो."

पाहिलं नाही. अध्यक्ष संध्याकाळी पानठेल्यावर भेटला तेव्हा मी त्याच्याशी मतदार यादीबद्दल बोललो.

पोरांनी मात्र पद्धतीप्रमाणे फळा लिहिला. मनीषाचं अक्षर चांगलं, तिनेच लिहिला. 'आज आम्ही काय पाहिलं. मेलेले तितर ५. मेलेले होले ७. मेलेली लांडोर १. जागा: नाल्यापलीकडचा धुरा. गुलाबी दाणे पाहिले. प्रश्न: हे सगळे एकाच दिवशी कसे मेले?'

कुणाचं नाव नव्हतं. पण नाल्यापलीकडे कुणाचं वावर आहे हे गावात सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल अंगणात आली ती सरळ तुराट्यांच्या आलेखावरून. अध्यक्ष उतरलाही नाही.

"काय लावलं सर हे? पोट्ट्यायले शाळा शिकवता का पंचनामे कराले शिकवता?"

"बसा ना, चहा..."

"चहा राहू द्या तुमचा. लांडोर लिवलं तुमी तिथं! लांडोर! उद्या जंगलवाले माया दारात उभे राहतीन. पुसा पह्यले ते."

बाई वर्गातून बाहेर आल्या. "भाऊ, त्यायनं पाह्यलं ते लिवलं. खोटं असन तं मी पुसते."

"ताई, तुमी मधात बोलू नोका. तुमी आज इथं, उद्या बदली. मले याच गावात राहाचं हाय."

"म्हनूनच म्हनून राह्यली भाऊ. तुमचे बी ढोरं तिकडंच जातात. दाने तेवढे उचलून घ्या. फळा मंग आपोआप बदलते."

तो माझ्याकडे पाहत होता. बाई माझ्याकडे पाहत होत्या. ओसरीत पोरं उभी होती. मी आत गेलो, डस्टर घेऊन आलो आणि भिंतीवरचं पुसलं. आधी 'लांडोर' पुसलं, मग वरचं, मग प्रश्न. मनीषाने खडू इतका दाबून लिहिलं होतं की प्रश्न नीट पुसला जाईना. मी थुंकी लावून पुसला.

बाई पोरांना घेऊन वर्गात गेल्या. दुपारी सुट्टीत एकट्याच हातात काठी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन धुऱ्यावर गेल्या. तोंडाला पदर बांधून त्यांनी ते दाणे गोळा केले आणि खड्डा करून पुरले. हे मला पोडावरच्या एका बाईने नंतर सांगितलं. मला सांगायला त्या आल्या नाहीत.

वनरक्षक तरी आलाच. फळा पुसून काय होतं, बावीस घरांत ती बातमी आदल्या दिवशीच पोचली होती. अध्यक्षाचं जंगल खात्याने पुढे काय केलं ते मला माहीत नाही. पण आठवड्याभरात त्याचा तालुक्याला अर्ज गेला. अर्ज हुशारीने लिहिला होता. त्यात पक्षी नव्हतेच. लहान मुलांना शाळेच्या वेळेत, विनापरवानगी, विषारी औषध असलेल्या ठिकाणी नेऊन त्यांचा जीव धोक्यात घातला, एवढंच होतं.

चौकशीला एक साहेब आले. सभ्य माणूस, घाईत. त्यांनी हालचाल रजिस्टर मागितलं. मी दिलं. त्यांनी दोन वर्षांची पानं चाळली. बाईंचं नाव कुठेच नव्हतं.

"मुख्याध्यापक, तुमची परवानगी होती का?"

माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. पेन्शनची फाईल त्याच कार्यालयात, त्याच साहेबांच्या शेजारच्या टेबलावर होती. मुलीचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की ती आता गुळगुळीत झाली आहेत. तुम्ही ती मान्य करावीत म्हणून लिहीत नाही. होती, म्हणून लिहितो.

मी म्हणालो, "नाही साहेब."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. 'सदर शिक्षिका माझ्या परवानगीशिवाय विद्यार्थ्यांना शाळेबाहेर नेत असत. मला याची पूर्वकल्पना नव्हती.' दोन वाक्यं. खाली सही, शिक्का. शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला.

बाई समोरच्या खुर्चीवर होत्या. साहेबांनी तो कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी वाचला. सावकाश, बोट न ठेवता. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं पोर मागच्या पानावर काहीतरी लिहून आणतं आणि आपण त्याच्याकडे बघतो, तसं.

"तुम्हाला काही म्हणायचं आहे?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर? बाहेर बावीस साक्षीदार बसले होते. एका हाकेत सगळे आत आले असते.

"रजिस्टरात नोंद नाई साहेब," बाई म्हणाल्या. "माई चूक हाय."

पंधरा दिवसांत बदलीचा आदेश आला, प्रशासकीय कारणास्तव. सेवापुस्तकात ठपका. वणीकडे राजूरच्या बाजूला, कोळशाच्या खाणींपाशी. जाताना त्यांनी कपाटाची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि तीन रकान्यांची ती पक्ष्यांची वही दिली. "हे पोट्ट्यायचं हाय सर. त्यायले देजा." मी ती वही कपाटात ठेवली. दिली नाही.

पुढच्या शनिवारी पोरं आपसूक रांग करून दारात उभी राहिली. मी म्हणालो, वर्गात बसा. मनीषाने विचारलं, "बाई काहून गेल्या सर?"

"बदली झाली."

"लोकं म्हन्तात, न इचारता नेत होत्या म्हनून. तुमीच तं 'जा' म्हनत होते ना सर."

"वर्गात बस," मी म्हणालो. ती बसली. मग मला कधी कुणी काही विचारलं नाही. भिंतीवरच्या चौकोनात आम्ही खिचडीचा वार लिहू लागलो.

मी निवृत्त झालो, पेन्शन बसली, मुलीचं लग्न झालं. यवतमाळला घर केलं. सगळं झालं तेव्हा मला वाटलं, आता काय अडचण आहे? आता जाऊन सांगता येईल. त्यालाही आठ वर्षं लागली.

एका सकाळी वणीच्या एस.टी.त बसलो. वाटेत वाक्य पाठ केलं. कंडक्टरने दोनदा तिकिटाचं विचारलं तरी माझं लक्ष नव्हतं. उतरलो तर रस्ता काळा, रस्त्याकडेच्या झाडांची पानंही काळी. कोळशाचे ट्रक एकामागे एक. शाळा शोधत गेलो तर पोरं अंगणात गोल करून बसलेली, मध्ये पाण्याची बादली. एकेक जण झाडाचं पान बादलीत बुडवून धूत होता आणि पाण्याचा रंग पाहत होता. बाईंचे केस पांढरे झाले होते. पायात तेच बूट, म्हणजे त्याच जातीचे.

मला पाहून त्या उठल्या. "अव्वा! सर!" आणि सगळ्या पोरांना उभं केलं. "पोट्टेहो, नमस्ते करा. हे माये मोठे सर. पोट्ट्यायले बाहीर न्याची परवानगी मले पह्यल्यांदा ह्यायनंच देली होती."

मी त्यांच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. खूप शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याला धरून मला बोलता आलं असतं. पोरांनी 'नमस्ते सर' म्हटलं. मीही म्हटलं.

त्यांनी चहा मागवला. गुडघ्यांचं विचारलं, मुलीचं विचारलं. इथे पक्षी कमी आहेत, म्हणाल्या, पण कोतवाल आहे, आणि तळ्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात. मग सहज उठून त्यांनी शाळेचं हालचाल रजिस्टर आणून दाखवलं. शिकाऊ माणूस आपलं काम मोठ्याला दाखवतो, तसं. "इथं मी लिवते सर. पह्यले लिवते, मंग निघते."

पानभर त्यांचं अक्षर होतं. 'तळे, पक्षी निरीक्षण, इ. ३ री व ४ थी, मुले १९.' प्रत्येक ओळीपुढे सही.

"मुख्याध्यापक सही करतात?" मी विचारलं.

"करतात ना. काईच इचारत नाई."

मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला. आत्ता बोलू म्हटलं तेवढ्यात एक ट्रक गेला, मग दुसरा. मग घंटा झाली. बाई म्हणाल्या, "सर, गाडी सुटन तुमची, दोनची हाय. मंग डायरेक्ट संध्याकायची." मी उठलो. त्या फाटकापर्यंत आल्या. मी म्हणालो, "येतो बाई." एवढंच म्हणालो.

त्यानंतर सहा-सात वर्षं मी 'एकदा जाऊन येऊ' म्हणत राहिलो. गेल्या वर्षी निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या चित्रांमध्ये बाईंचा फोटो आला. खाली श्रद्धांजली. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी तो फोटो तीन दिवसांनी पाहिला.

त्यांचं घर यवतमाळातच होतं, माझ्या घरापासून ऑटोने वीस मिनिटांवर. ते मला माहीतही नव्हतं. मी भेटायला गेलो. त्यांचे यजमान एस.टी.त वाहक होते, आता घरीच. मी नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले आणि माझे हात धरले.

"मोठे सर! या, बसा. ती लय नाव घे तुमचं. म्हने, मोठ्या सरायनं मले कधीच अडवलं नाई. तो ठपका लागला ना, तवा मी लय चिडलतो. म्हनलं, तुया हेडमास्तर काय करत होता? तं म्हने, त्यायचा काई दोष नाई, मायंच रजिस्टरात लिवाचं राहून गेलं."

म्हणजे माझं खोटं त्यांनी घरातसुद्धा स्वतःच्या नावावर ठेवलं होतं. इतकी वर्षं. नवऱ्यापासूनही.

मी म्हणालो, "नाही हो, ते तसं नव्हतं..."

"असू द्या सर," ते म्हणाले. "गेल्या गोष्टी. तुमी आले, तिले लय बरं वाटलं असतं." आणि त्यांनी डोळे पुसले. त्या माणसाजवळ तिच्याबद्दलची एक नीट घडी घातलेली आठवण होती, आणि ती उलगडून 'ही खोटी आहे' म्हणायचं माझ्याने झालं नाही. की हेही माझं नेहमीचंच कारण होतं, ठाऊक नाही. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

त्या आठवड्यात मी शिक्षण कार्यालयात एक अर्ज घेऊन गेलो. परवानगी मी दिली होती, लेखी जबाब खोटा होता, ठपका काढावा. टेबलावरच्या तरुण लिपिकाने तो दोनदा वाचला. "सर, बाई तर राहिल्या नाहीत. आता हे कुठं लावू?" मी म्हणालो, "लावा कुठंही." त्याने आवक शिक्का मारून पोच दिली. या वेळी शिक्का पहिल्याच फटक्यात नीट उमटला. पण तो अर्ज कार्यालयाला होता, बाईंना नव्हता.

बाईंना सांगायचं ते वणीच्या गाडीत पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे. एकही शब्द विसरलेलो नाही. बाई, रोज सकाळी 'जा' मीच म्हणत होतो, साहेबांसमोर मी घाबरलो आणि माझी चूक तुमच्या नावावर लिहून दिली, मला माफ करा.